चालीची ओळ

आजच्या व्याख्यानाचा विषय तसा दोन तोंडांचा आहे. फुटबॉलच्या मैदानावर हजारो माणसं एका सुरात गातात, हे एक तोंड. आणि लोकप्रिय गाण्यांत दुसऱ्याची चाल उसनी घेतली जाते, हे दुसरं. शिरूर अनंतपाळमध्ये फुटबॉलवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. आमचं म्हणणं असं, की मैदानावरची गर्दी जे करते तेच आपल्याकडे सप्ताहाच्या मांडवात, भीमजयंतीच्या मिरवणुकीत, गणपतीच्या आरतीत वर्षानुवर्षं चाललेलं आहे. लिव्हरपूलकडे पाहिलं म्हणजे आपलं आपल्याला नीट दिसतं. म्हणून सुरुवात तिथून करू.

आधी एका शब्दाकडे लक्ष द्या. हिंदीत 'धुन' किंवा 'तर्ज' म्हणतात, मराठीत आपण 'चाल' म्हणतो. चाल म्हणजे चालण्याची ढब. घोड्याची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर चाल करून जाणं, आणि चालरीत. या सगळ्या अर्थांत एक गोष्ट समान आहे. चाल ही वस्तू नव्हे. घराच्या माळवदावर ठेवून कुलूप लावावं अशी ती नाही. कुणीतरी चाललं तरच ती असते. दुसरा तशीच पावलं टाकू लागला तर पहिल्याची चाल कमी होत नाही. बैल उसना दिला तर तितके दिवस आपलं औत थांबतं. चाल उसनी दिली तर आपलं काही थांबत नाही. मग चालीची चोरी म्हणजे नेमकं काय चोरीला जातं? आजचा प्रश्न एवढाच आहे.

आता लिव्हरपूल. तिथल्या ॲनफिल्ड मैदानावर सामना सुरू होण्याआधी प्रेक्षक 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गाणं गातात. हे गाणं फुटबॉलसाठी लिहिलेलं नाही. 1945 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'कॅरोसेल' नावाचं संगीत नाटक आलं. रिचर्ड रॉजर्स यांचं संगीत, ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे शब्द. नाटकात एका बाईचा नवरा मरतो आणि तिला धीर देण्यासाठी हे गाणं येतं. म्हणजे मूळ गाणं सांत्वनाचं. 1963 साली लिव्हरपूलच्याच 'जेरी अँड द पेसमेकर्स' या तरुणांच्या वाद्यवृंदानं ते नव्यानं गायलं, ते विक्रीच्या यादीत पहिलं आलं, मैदानाच्या भोंग्यावर वाजू लागलं आणि प्रेक्षकांनी उचललं. पुढे स्कॉटलंडच्या सेल्टिकचे आणि जर्मनीच्या डॉर्टमुंडचे प्रेक्षकही तेच गाऊ लागले.

इथं समीक्षकाला विचार करायला लावणारी गोष्ट पुढची आहे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलचे 97 पाठीराखे गेले. त्यानंतर हेच गाणं स्मरणसभांत गायलं जाऊ लागलं. बघा काय झालं. नाटकात मृत्यूनंतरचा धीर म्हणून जन्मलेलं गाणं मैदानावर जिंकण्याची ईर्षा म्हणून उसनं आलं, आणि पंचवीस वर्षांनी पुन्हा आपल्या मूळ अर्थाकडे गेलं. गाणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते नाटक पाहिलं असेल? फार थोड्यांनी. तरीही चालीच्या पोटात तो अर्थ शिल्लक होता. चाल उसनी घेताना आपण नुसते सूर घेत नाही. जुन्या घराचा वासही सोबत येतो, असं आम्हाला वाटतं ते यामुळे.

याच्या अगदी उलटं उदाहरण आहे 'सेव्हन नेशन आर्मी'चं. 'द व्हाइट स्ट्राइप्स' या अमेरिकी जोडीचं 2003 सालचं गाणं. त्याच वर्षी बेल्जियममधल्या ब्रूज शहराच्या क्लबचे पाठीराखे सामन्यासाठी मिलानला गेले होते, तिथं त्यांनी ते उचललं. त्यांच्याकडून रोमच्या पाठीराख्यांनी घेतलं, आणि 2006 साली इटली विश्वचषक जिंकली तेव्हा सगळा देश ते ओरडत होता. यात गंमत अशी की शब्द कुणीच घेतले नाहीत. फक्त सुरुवातीची सात सुरांची गत घेतली आणि ती 'पो पो पो' करून म्हटली. इथं जुन्या घराचा वास उरला नाही. म्हणून ते गाणं कुणाचंही होऊ शकतं, आणि म्हणूनच त्याला ॲनफिल्डच्या गाण्याचं वजन येत नाही. जयघोषाला ते पुरतं, शोकसभेला नाही.

आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलवेडं गाव म्हणजे कोल्हापूर. तिथं संघांची नावंच तालमींची आहेत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. शाहू स्टेडियमवर पेठ विरुद्ध पेठ अशी ईर्षा असते. कुस्तीच्या तालमीनं फुटबॉल उसना घेतला आणि आपला करून टाकला. तेव्हा उसनवारी ही गाण्यापुरतीच नाही, खेळसुद्धा उसना येतो. पण आपण गाण्याकडेच राहू.

मराठीत चाली उसन्या घेण्याचा मोठा उघड कारखाना चालला तो संगीत नाटकांत. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' पुण्याला रंगभूमीवर आणलं, 1882 साली 'सौभद्र'. अण्णासाहेब बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावण्यांच्या चाली, कानडी पदांच्या चाली, असं सगळं त्यांनी घेतलं. पुढे 1911 साली 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी आणि 1916 साली 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी उत्तरेकडच्या बंदिशी, ठुमऱ्या यांच्यावर पदं बांधली. आपल्याला 'अस्सल मराठी' वाटणारं नाट्यसंगीत हे असं चारी दिशांच्या उसनवारीतून उभं राहिलेलं आहे.

पण जुन्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडून बघा. पदाच्या डोक्यावर एक बारीक ओळ असते: 'चाल', आणि पुढे मूळ गाण्याचे पहिले शब्द. कुणाच्या चालीवर हे पद बांधलंय ते सांगितलेलं असतं. या ओळीला आम्ही आज या व्याख्यानापुरतं 'चालीची ओळ' म्हणू. ती ओळ दोन कामं करते. नटाला सांगते की कसं गायचं. आणि वाचकाला सांगते की हे कुणाकडून आणलंय. कर्ज घेतलेला माणूस वहीत सावकाराचं नाव लिहितो ना, तसं. पंढरपुरात विकत मिळणाऱ्या भजनाच्या पुस्तकांत ही ओळ असते. भीमगीतांच्या छोट्या छोट्या पुस्तिकांतही असते, कधी 'चाल' म्हणून, कधी 'तर्ज' म्हणून. खेड्यातला भजनी सिनेमाच्या चालीवर गवळण म्हणतो तेव्हा तो लपवत नाही. उलट अख्ख्या मांडवाला मूळ गाणं माहीत आहे याच्याच जोरावर तो म्हणतो. समोरचे लगेच धरतात, कारण चाल त्यांच्या ओठांवर आधीच आहे. फुटबॉलच्या प्रेक्षकांचंही हेच. मूळ गाणं सगळ्यांना ठाऊक असणं ही त्यांच्या थट्टेची आणि त्यांच्या एकसुराची अटच आहे.

तेव्हा आमचा पहिला निष्कर्ष असा. एक उसनवारी अशी असते की जिला मूळ ओळखलं जावं असं वाटतं. दुसरी अशी, की जिला मूळ ओळखलं जाऊ नये असं वाटतं. पहिली परंपरा आहे. दुसरीला चोरी म्हणावं. दोन्हींत सूर तेच असू शकतात, फरक त्या एका ओळीचा आहे.

हिंदी सिनेमानं ही ओळ पुसली. 'शोले'तलं 1975 सालचं 'मेहबूबा' हे गाणं डेमिस रूसो या ग्रीक गायकाच्या गाण्यावरून आलं. 'छाया' या 1961 च्या चित्रपटात सलील चौधरींनी मोत्झार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवात घेतली. राज कपूरच्या 'बॉबी'मध्ये, 1973 साली, 'ना मांगूं सोना चांदी' आलं, त्यात गोव्याच्या देखणीची चाल आहे. तिन्हींत चाल उसनीच. पण तिघांची किंमत आमच्या लेखी सारखी नाही. सलीलदांनी मोत्झार्टचे सूर घेऊन त्यांना वेगळा श्वास दिला. पहिली ओळ त्यांची नाही, पण पुढचं गाणं त्यांचं आहे. 'बॉबी'त गोव्याचं गाणं गोव्याच्या पात्रांच्या तोंडी आलं, म्हणजे निदान ते घरच्याच माणसांत राहिलं. 'मेहबूबा'त राहुलदेव बर्मन यांचा आवाज आणि वाद्यमेळ जबरदस्त आहे, हे कुणीही मान्य करील. पण पडद्यावरच्या श्रेयनामावलीत रूसोचं नाव नाही. गाणं चांगलं होणं आणि व्यवहार चोख होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगल्या गाण्यानं व्यवहाराचं पाप धुतलं जात नाही, आणि चोख व्यवहारानं वाईट गाणं चांगलं होत नाही. समीक्षेत आपण ही गल्लत फार करतो.

चोख व्यवहाराचं उदाहरण हवं असेल तर ते आपल्या जवळचंच आहे. 2016 साली 'सैराट' आला. त्यातलं 'झिंगाट' 2017 साली 'मनसु मल्लिगे'मधून कानडीत गेलं, 2018 साली 'धडक'मधून हिंदीत. अजय-अतुल यांचं नाव चालीबरोबर गेलं. आपल्या सीमेपलीकडे चार पावलांवर कानडी मुलुख आहे. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. एकेकाळी अण्णासाहेबांनी कानडीतून चाली आणल्या. सव्वाशेहून जास्त वर्षांनी एक चाल मराठीतून कानडीत गेली. असा फेरा पूर्ण झाला की उसनवारी ही शेजारधर्मासारखी दिसायला लागते. वाटीभर साखर नेली, वाटीभर परत आली.

आता जरा अवघड भागाकडे येऊ. चाल उघडपणे घेतली, नाव सांगितलं, एवढ्यानं भागतं का? नाही. घेऊन काय केलं, हाही प्रश्न आहे.

अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना गावाकडं राहिली' ही छक्कड घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. रूप उसनं आहे. मुंबईला पोटासाठी गेलेला गडी आणि गावात राहिलेली त्याची बायको, असं विरहाचं रूप तमाशाला नवं नव्हतं. अण्णा भाऊंनी ते घेतलं, आणि ऐकणारा गडी-मैनेच्या विरहात पुरता शिरल्यावर बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहण्याचं दुःख त्यात ओतलं. ताटातुटीचं दुःख आधीपासूनच त्या रूपात होतं. त्यांनी ते मोठं केलं, मोडलं नाही. तसंच आंबेडकरी जलशाचं. जलशानं तमाशाचा साचा घेतला, पण गणातल्या देवस्तवनाच्या जागी आपलं वंदन आणलं, गवळण काढून टाकली आणि सवालजवाबात समाजाचे प्रश्न आणले. ज्या साच्यात आपल्याच लोकांना नाचवलं-हसवलं जात होतं, त्याच साच्यातून त्यांनी उत्तर दिलं. वामनदादा कर्डकांनी आणि त्यांच्यानंतरच्या गायकांनी कव्वाली, सिनेमा, लोकगीत, जिथून मिळेल तिथून चाली घेतल्या. यावर 'यात नवं काय, चाल तर सिनेमाची' असं नाक मुरडणारे आहेत. त्यांना आमचं सांगणं एवढंच, की ज्याच्याकडे पेटी विकत घ्यायला पैसा नव्हता, स्टुडिओ नव्हता, त्यानं सगळ्यांच्या ओठांवरची चाल घेतली नसती तर एका रात्रीत वस्तीला गाणं पाठ झालं नसतं. ती उसनवारी म्हणजे गरिबाची छापखान्यावाचूनची छपाई होती.

याच्या उलट, चाल घेऊन तिचा अपमान करणारी उदाहरणंही आहेत. अमेरिकेत यादवी युद्धाच्या शेवटी, 1865 साली, गुलामांच्या मुक्तीचा आनंद सांगणारं 'मार्चिंग थ्रू जॉर्जिया' हे गाणं हेन्री क्ले वर्क यांनी लिहिलं. त्याच चालीवर ग्लासगोच्या रेंजर्स क्लबचे काही पाठीराखे कॅथलिकांच्या रक्ताची भाषा करणारं गाणं म्हणत आले. युरोपच्या फुटबॉल संघटनेनं अशा गाण्यांबद्दल क्लबला दंडही केला. मुक्तीची चाल आणि द्वेषाचे शब्द. सूर स्वतःहून कुणाला अडवत नाहीत, हे यातून शिकायचं. प्लेटोनं 'रिपब्लिक'मध्ये संगीताच्या रीती बदलल्या की राज्याचे कायदेही हलतात अशी भीती घातली आणि काही रीती हद्दपार करायला सांगितल्या. आमचं प्लेटोशी इथं जमत नाही. दोष रीतीत नसतो. एकच चाल आश्रमात आणि दंगलीत, दोन्हीकडे चालते. जबाबदारी गाणाऱ्याची.

आपल्याकडे भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी 'साधारणीकरण' हा शब्द दिला. रंगमंचावरचं दुःख माझं एकट्याचं राहत नाही, नटाचंही राहत नाही, ते सगळ्यांचं होतं आणि म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. गर्दी गाते तेव्हा असंच काही घडतं. 'मी' सैल होतो. पण आचार्यांचा रसिक सहृदय आहे; त्याच्या मनात त्या क्षणी शत्रू नाही. मिरवणूक दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासमोर थांबवून मुद्दाम एखादं गाणं मोठ्यानं लावलं जातं, तेव्हा तिथंही 'मी' सैल होतो, पण रस निर्माण होत नाही, जमाव निर्माण होतो. समूह आणि जमाव यांतला फरक आम्ही असा करतो: समूहाला गाण्यासाठी शत्रू लागत नाही.

आता राष्ट्राच्या गाण्यांकडे. 1943 साली आझाद हिंद सरकारनं 'जन गण मन'ची चाल ठेवली आणि हिंदुस्तानी शब्द नवे घातले: 'शुभ सुख चैन'. चाल उसनी, शब्द नवे. 1997 साली ए. आर. रहमान यांनी 'वंदे मातरम्' हे दोन शब्द उसने घेतले आणि चाल नवी केली. अगदी उलटा व्यवहार. 4 जुलै 2024 रोजी विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेटपटूंबरोबर वानखेडे स्टेडियम रहमान यांचंच गाणं गात होतं. ॲनफिल्डशी तुलना करायची तर महाराष्ट्रात हीच जागा. ते दृश्य मोठं आहे, हे कबूल. पण एक फरक सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही.

1938 साली आपण निजामाच्या राज्यात होतो. औरंगाबादचं इंटरमीजिएट कॉलेज आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ इथं वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणायला मनाई झाली. मुलांनी म्हटलं, संप केला, शेकडोंना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठानं त्यांना दार उघडलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंहराव त्यांच्यातलेच. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतली पोरं तेव्हा शिक्षण पणाला लावून गायली. वानखेडेवरच्या माणसाला गाण्यासाठी तिकिटापलीकडे काही द्यावं लागलं नाही. त्यात त्याचा दोष नाही. ते स्वातंत्र्याचं सुखच आहे. पण तेच दोन शब्द एकदा किंमत मोजून म्हटले गेले होते, ही आठवण त्या गाण्याच्या चालीच्या ओळीत असली पाहिजे. नाहीतर 'सेव्हन नेशन आर्मी'सारखं ते नुसतं 'पो पो पो' होईल.

आणखी एक उदाहरण. 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती भजन. शब्द हेन्री लाइट यांचे, चाल विल्यम मंक यांची, 1861 सालची. इंग्लंडच्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात 1927 पासून ते गायलं जातं. तेच भजन गांधीजींचं आवडतं, म्हणून दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये आपलं लष्करी बँड ते वाजवत असे. 2022 साली ते काढलं आणि 'ऐ मेरे वतन के लोगों' आणलं. ते गाणं कवी प्रदीप यांचं, 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलेलं, आणि चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांची. मराठी माणूस म्हणून आनंद वाटावा असंच हे आहे. पण परकी चाल काढून देशी आणली, एवढाच हिशेब केला तर चितळकरांवरच अन्याय होतो. गोव्याच्या चिक चॉकलेटसारखे जॅझवाले सोबत घेऊन पश्चिमेचे ठेके हिंदी गाण्यात आणणारा हा माणूस. बाहेरचं घेऊन पचवल्यामुळेच त्याच्या हातून असं घरचं गाणं निघालं. आमच्या मते दोन्ही गाणी सुखानं नांदली असती.

शेवटी आपल्या गावांबद्दल दोन शब्द. चाली उसन्या घेण्यानं आपलं काही बिघडलं नाही. बिघडतंय ते दुसरीकडेच. डीजेच्या भिंतीपुढे गाणारा कुणी नाही, सगळे ऐकणारे. ऐकणारेही नाहीत म्हणा, छाती हादरते तेवढंच. ॲनफिल्डचा प्रेक्षक बेसूर असेल, पण त्याचा गळा त्याचा असतो. भजनी मंडळातला मागचा टाळकरी चुकीच्या पट्टीत धरत असेल, पण तो धरतो. चाल म्हणजे चालणं, असं आपण सुरुवातीला म्हटलं. भोंग्यानं आपल्याला खांद्यावर घेतलंय, आणि पायांची सवय मोडत चाललीय. चाल कुणाची, यावर आपण भांडतो. चालतंय कोण, हे विचारत नाही.

म्हणून दोन कामं सुचवतो. एक, आपापल्या भजनी मंडळाच्या, कलापथकाच्या वह्यांत प्रत्येक गाण्यावर चालीची ओळ लिहा. मूळ गाणं, रचणाऱ्याचं नाव, माहीत असेल ते सगळं. लेकरांकडून लिहून घ्या, त्यांना शोधायला आवडतं. दोन, 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की ध्वनिमुद्रित गाणं लावू नका. दोन गाणी सगळ्यांनी मिळून, भोंग्याशिवाय म्हणा. कुणाच्या का चालीवर असेनात. पहिल्या वर्षी वीसजण धरतील, बाकीचे बघत राहतील. तिसऱ्या वर्षी बघणारे लाजतील.

आता प्रश्न घेऊ.